मंद वाऱ्यातला नऊ नंबर

मित्रांनो, माझ्या अंगावर तीन ठिगळं आहेत आणि एका टोकाला ‘९’ असा आकडा छापलेला आहे. मी पतंग आहे. पण तुम्ही संक्रांतीला गच्चीवरून उडवता तो कागदी पतंग नव्हे. माझी पाठ कापडाची आहे. पुढची कड म्हणजे हवा भरलेली जाड नळी. माझ्या दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला चक्री नसते, माणूस असतो. तो पाण्यावर फळीवर उभा राहतो आणि मी त्याला ओढून नेतो. पसरलो की मी नऊ चौरस मीटर भरतो, म्हणून सगळे मला नऊ नंबर म्हणतात.

मला स्वस्थ पडून राहता येत नाही. घडी घालून ठेवलं तरी माझं लक्ष बाहेर असतं. पानं हलली का, धूळ उठली का, दोरीवरचे कपडे कोणत्या बाजूला झुकले, हेच मी ऐकत बसतो. माणसांना भूक लागते तसा मला वारा लागतो.

माझा जन्म श्रीलंकेतल्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलांवर कापड पसरलेलं असे आणि बायका भराभर शिवण घालत असत. माझ्या शेजारी बारा नंबर आणि पंधरा नंबर शिवले जात होते. पंधरा नंबरची घडी घालायला दोन माणसं लागत. आम्ही लहान पतंग त्याच्याकडे मान वर करून पाहायचो. जेवढं अंग मोठं तेवढी ओढ मोठी, एवढंच आम्हाला तेव्हा ठाऊक होतं.

तिथून मी समुद्र ओलांडून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलो आणि अनुपमाच्या हाती पडलो. अनुपमा मूळची अमरावतीची. तिचे वडील मोरोपंत तिथले जुने वकील. ती स्वतःही वकील. तुतिकोरिनच्या बंदरात एका कंपनीचं कायद्याचं काम ती पाहायची, आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन समुद्रावर यायची. मित्रांनो, काय ते दिवस होते! समुद्राचा वारा एकदा धरला की सोडत नसे. अनुपमा उंच, भरल्या अंगाची. तरी मी तिला सहज उचलून न्यायचो. किनाऱ्यावरचे लोक म्हणायचे, ‘या वाऱ्याला नऊ अगदी बरोबर.’ ते ऐकून माझी छाती फुगायची. मला वाटायचं, मीच बरोबर आहे. कोणत्या वाऱ्याला, हेही त्या वाक्यात होतं. पण मी तेवढं ऐकलंच नव्हतं.

मग मोरोपंतांची नजर अधू झाली. त्यांना कागद वाचता येईना. घरात दुसरं कोणी नव्हतं. अनुपमाने नोकरी सोडली, सामान बांधलं, आणि मी तिच्या सामानाबरोबर वऱ्हाडात आलो.

अमरावतीत समुद्र नाही. मी कपाटावर पडून राहिलो. खाली पक्षकार यायचे, मोरोपंत तोंडी मजकूर सांगायचे, अनुपमा टाइप करायची. रस्त्यावर ऑटोंचे हॉर्न वाजायचे. खिडकीचा पडदा हलला की माझा जीव वरखाली व्हायचा. अनुपमाचंही तसंच होतं. बोलता बोलता ती उठून खिडकीशी जायची आणि परत बसायची.

“काय गं, कोणी आलंय का?” मोरोपंत विचारायचे.

“नाही बाबा, वारा सुटलाय का ते बघत होते.”

“वाऱ्याशी तुझं काय काम?” ते हसून म्हणायचे. ती पुन्हा टाइप करायला लागायची.

शरीर मोकळं व्हावं म्हणून ती पोहायला जाऊ लागली. तिथे मुलींना पोहायला शिकवणारी गीतांजली तिला भेटली. गीतांजली पंचविशीची, सडपातळ, वाऱ्याने उडून जाईल अशी दिसणारी. पण पाण्यात पडली की माशासारखी. तिचे वडील खुशालराव मोर्शीकडे धरणाच्या काठी शेवंती आणि वांगी पिकवायचे. अनुपमाने एकदा माझी गोष्ट काढली आणि गीतांजली हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

“धरन लय मोठं हाय ना ताई आमचं. पल्याडचा काठ दिसत नाई हिवाळ्यात. आना तुमचा पतंग.”

“वारा असतो का पण तिथे?”

“असते नं. आता तुमच्या समुद्रावानी नसन. पन असते.”

रीतसर परवानगी काढून एका रविवारी आम्ही धरणावर गेलो. इतक्या महिन्यांनी माझ्या नळीत हवा भरली गेली. माझी घडी कडाकडा मोडली. खुशालरावांनी मला दोन्ही हातांनी धरून उभं केलं आणि मी वर गेलो. खाली शेवंतीचे पिवळे वाफे, पलीकडे निळं पाणी. मी नारिंगी रंगाचा. गावातली पोरं धावत आली आणि ओरडली, “संत्रा उडाला! संत्रा उडाला!”

पण तो वारा फार हलका होता. मी डोक्यावर तरंगत राहिलो, ओढ मात्र भरेना. अनुपमा फळीवर उठायची आणि पुन्हा पाण्यात बसायची. मी जीव तोडून ओढत होतो. तिचं तोंड उतरत गेलं. संध्याकाळी माझी घडी घालताना ती माझ्याशी फटकून वागली.

तेव्हा तिने नवी फळी मागवली. तिच्या खाली कमरेएवढा खांब होता आणि खांबाच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख. त्याला हायड्रोफॉइल म्हणतात. फळीने वेग घेतला की पाण्याखालचे पंख तिला वर उचलतात. मग फळी पाण्याला टेकतच नाही; नुसता खांब पाणी कापत जातो. पाण्याचा अडसर गेला की थोडी ओढही पुरते. अडचण एकच, पहिला वेग घ्यायला जोर लागतो. आणि अनुपमाला तेवढा जोर त्या वाऱ्यात मी देऊ शकत नव्हतो.

“हा लहान पडतो,” ती म्हणाली. मी वाळूत पडून ऐकत होतो. “इथल्या वाऱ्याला मोठाच पतंग हवा.”

पंधरा नंबर आला तेव्हा त्याची पिशवी बघूनच मी खचलो. तो नवा, करकरीत, पांढराशुभ्र होता. हवा भरून उभा केला की त्याच्या सावलीत खुशालरावांची बैलजोडी मावली असती. पहिल्याच दिवशी वारा जरा बरा होता. पंधराने अनुपमाला उचललं, फळी पाण्याच्या वर आली आणि ती आवाज न करता लांब निघून गेली. काठावर टाळ्या पडल्या. 

माझ्या वाट्याला गीतांजली आली. ती शिकाऊ होती, म्हणून तिला जुना पतंग. अनुपमाने तिच्यासाठी तसलीच पंखांची दुसरी फळीही आणली होती, पण तिच्यावर ती टिकत नसे; म्हणून सुट्टीच्या दिवशी ती मला बहुतेक काठावरच उडवायची. डावीकडे, उजवीकडे, खाली झेप, पुन्हा वर. तिचे हात हळूहळू हुशार होत गेले. मला एक गोष्ट तिच्याच हातात कळली. वारा मंद असला आणि मी एका जागी उभा राहिलो, तर ओढ नसते. पण मला खाली-वर झेपा घ्यायला लावल्या, तर मी माझा वारा स्वतःच तयार करतो. लहान अंगाचा तेवढा फायदा. पंधराला वळायला सांगावं, तर तो विचार करून वळायचा.

पंधराच्या नादात अनुपमाने वाऱ्याकडे बघणं सोडून दिलं. ती काठावर यायची आणि सरळ त्याचीच पिशवी उघडायची. आदल्या आठवड्यात चालला तर आज का नाही, असं तिचं म्हणणं. अमरावतीत आठवडाभर दाबून ठेवलेली तगमग त्या एका दुपारी तिला मोकळी करायची असे. गीतांजली एकदा म्हणाली, “ताई, आज पानी पाहा, कसं काचेवानी दिसून राहिलं.”

“म्हणून तर मोठा घेतेय ना गं.”

तो दिवस माघातला होता. दुपार कलली होती. धरणाचं पाणी ओसरल्यामुळे बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे पाण्याबाहेर आले होते. वारा येत होता आणि मध्येच श्वास धरल्यासारखा थांबत होता. अनुपमा पंधराला घेऊन निघाली. अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट. ती बरीच लांब गेली. मी हवा भरून काठावर बांधलेला होतो आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक मोजत होतो.

पाण्याच्या मध्यावर ती परत यायला वळली. वळताना फळीला वेग होता आणि ती पतंगाच्याच दिशेने धावली. दोऱ्या ढिल्या पडल्या. अशा वेळी पतंगाने चटकन पुढे पळायचं असतं. पंधराला चटकन काही जमत नसे. त्यातच वारा थांबला. तो पांढरा डोंगर हलला, वाकला आणि सपाट होऊन पाण्यावर आदळला.

अनुपमा फळीवरून खाली गेली. ती पुन्हा वर आली, तिने दोऱ्या बांधलेली हातातली दांडी ओढून पाहिली; पण पंधराच्या पाठीवर पाणी चढलं होतं आणि त्याला उठवण्याएवढा वारा नव्हता. तिने एक हात वर करून हलवला. तो मदतीचा इशारा होता.

“बाबा! ताई पडली!” गीतांजली ओरडली.

खुशालराव वाफ्यातून धावत आले. “मासोळ्या धरनाऱ्या किशोरची नाव पल्याड हाय. लावतो त्याले फोन.” ते मोबाइलशी झटू लागले. काठावर रेंज कधी असे, कधी नसे.

वर झालेला हात खाली गेला. पुन्हा वर आलाच नाही.

“बाबा, ताईचा हात खाली गेला.”

“थांब, लागून राहिला फोन. नाव निंगन आता.”

“नाव येईस्तोवर का पायत बसू? पोहत गेली तं लय वेळ लागन.” असं म्हणत तिने माझी दोरी सोडली.

खुशालराव तिच्या आडवे आले. “काहून जीव द्याले निंगाली व? मोठा पतंग झोपला पान्यावर. हा एवढासा तुले नेईन काय?”

“ताईले नाई नेत तो. मी ताईपरीस किती हलकी हाय, पाय नं बाबा. मले नेईन.”

खुशालरावांनी एकदा तिच्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. गीतांजली तिच्या फळीवर तोवर चार हातसुद्धा नीट टिकली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मग त्यांनी माझी कड दोन्ही हातांत धरली आणि मला उभं केलं.  कानाला लावलेला फोन खांद्याने दाबून धरत ते म्हणाले, “जाय. पन जॅकेट आवळून घे.”

मी वर गेलो. मित्रांनो, त्या क्षणी माझी चुळबूळ कुठल्या कुठे गेली. गीतांजली आपली फळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरली, तिने फळीवर पाय ठेवले आणि मला खाली झेप घ्यायला लावली. ओढ लागली, फळी पुढे सरकली आणि बसली. ती पाण्यात पडली. मी पाण्याला टेकणार तेवढ्यात तिने दांडी खेचून मला सावरलं. वारा पुन्हा थांबला होता. माझ्या पोटातलं कापड लुळं पडलं. मी कसाबसा हवेत लटकत राहिलो. माझ्या जागी पंधरा असता, तर तेव्हाच कोसळला असता.

झुळूक आली. तिने मला पुन्हा खाली झेप घ्यायला लावली, मग वर, लगेच पुन्हा खाली. मी आकाशात आठचा आकडा काढत होतो. फळीखाली पाणी खळखळलं, चळचळलं, आणि एकदम सगळा आवाज थांबला. फळी पाण्याच्या वर आली होती. माझ्यावरचं ओझं कोणीतरी निम्म्याने उतरवल्यासारखं वाटलं. गीतांजलीच्या तोंडून “अरे बाप्पा!” एवढंच निघालं. मग तिने दात आवळले.

आम्ही अनुपमाजवळ पोहोचलो तेव्हा तिच्याभोवतीचं पाणी लालसर झालं होतं. पडताना फळीखालच्या पंखाची कड तिच्या पोटरीत घुसली होती. त्यात पंधराच्या दोऱ्या तिच्या घोट्याला आणि खांबाला गुंडाळल्या गेल्या होत्या. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“गीता, पाय निघत नाहीये,” ती म्हणाली. “तू कशी आलीस?”

“बोलू नका ताई. पाय ढिला सोडा.”

गीतांजलीने मला हळूच पाण्यावर उतरवलं. कमरेच्या पट्ट्यातली छोटी सुरी काढून तिने पंधराच्या दोऱ्या कापल्या. जॅकेट क्षणभर उतरवून तिने आतला टी-शर्ट काढला आणि अनुपमाच्या पोटरीला घट्ट गुंडाळला. पंधरा सुटला आणि फुगलेल्या चादरीसारखा बाभळींकडे वाहत गेला. मग गीतांजलीने मला जवळ ओढलं. माझ्या हवेच्या जाड नळीवर तिने अनुपमाला छातीपर्यंत चढवलं.

“धरून ठेवा याले. बुडत नाई हा.”

मी उडायला जन्मलेला पतंग त्या दिवशी तराफा झालो. अनुपमाचे गार हात माझ्या कडेला घट्ट आवळलेले होते. तिचा श्वास माझ्या कापडाला लागत होता. गीतांजली एका हाताने मला ओढत आणि दुसऱ्या हाताने पाणी कापत पोहत होती. आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. खरा, भरलेला वारा. ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होतो तो. तो माझ्या पोटाखाली शिरला आणि माझी मागची कड उचलली गेली. मला उठायचंच होतं. ते माझ्या अंगातच आहे. अनुपमा घसरली.

“ताई, सोडू नका!” गीतांजली ओरडली आणि माझ्या टोकावर पूर्ण अंग टाकून तिने मला पाण्यात दाबून धरलं. वारा जातो का, ते पाहत ती तशीच राहिली. मी तिच्या वजनाखाली फडफडत होतो. मग माझ्या पाठीवर पाणी चढलं आणि मी जड झालो. त्या जडपणाचा मला आयुष्यात पहिल्यांदा आधार वाटला.

वाऱ्याने आम्हाला बाभळींत ढकललं. वाळक्या फांद्या माझ्या पाठीत घुसल्या. कापड फाटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. पण नळी शाबूत राहिली. अनुपमा माझ्यावर होती आणि मी तिच्याखाली होतो. किशोरच्या नावेच्या इंजिनाचा आवाज आला, तेव्हा गीतांजलीने फांदीला एका हाताने धरलं आणि ती पहिल्यांदा रडली.

अमरावतीच्या दवाखान्यात अनुपमाच्या पायाला टाके पडले. जरा उशीर झाला असता तर रक्त फार गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. धरणाकाठच्या गावात काही दिवस माझंच नाव होतं. पोरं माझी भोकं मोजायला यायची. ‘संत्र्यानं वकीलीनबाईले वाचवलं,’ असं म्हणायची. गीतांजलीचं नाव ती नंतर घ्यायची, याचा मला संकोच वाटायचा.

मोरोपंतांनी मात्र मला हात लावून पाहिलं नाही. “अनु, तुला जे करायचं ते कर,” ते म्हणाले. “पण हे कापड माझ्या घरात नको. मला नीट दिसत नाही, म्हणून मला सगळं आवाजावरून कळतं. हे फडफडलं की मला झोप येणार नाही.”

तेव्हा अनुपमाने अकोल्याच्या कोर्टातली कामं घेतली होती. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथे राहायला तिने एक खोली केली होती. तिने मला तिथे नेलं आणि स्लॅबखालच्या माळ्यावर टाकलं. मित्रांनो, अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. स्लॅब तव्यासारखा तापायचा. माझ्या जोडांचा डिंक पातळ होऊन कापड कापडाला चिकटलं. शिवणीत अडकलेला धरणाचा चिखल वाळून कडक झाला. मला ओलसरच गुंडाळलं होतं. घडीत बुरशीचा वास भरला. उन्हाळ्यात दुपारी जोराचा वारा सुटायचा, पत्रे वाजायचे, धूळ खिडकीवर आपटायची. असा वारा मला माघात मिळाला असता तर, असं वाटून मी आतल्या आत तळमळायचो. खाली अनुपमा खिडकी बंद करून घ्यायची. पूर्वी ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. आता ती कडी लावायची आणि कागदात डोकं घालायची. रात्री झोपेत पाय झाडायची.

पोहण्याच्या स्पर्धेसाठी आपल्याकडे शिकणाऱ्या मुलींना घेऊन गीतांजली अकोल्याला आली, तेव्हा ती भेटायला आली. चहा झाला. टाक्यांची खूण पाहून झाली. मग तिने वर पाहिलं.

“ताई, पतंग कुठी हाय?”

“टाकलाय माळ्यावर. फाटलाय तो आता.”

“फाटला तं शिवू. असा काहून टाकला?”

“गीता, मला पाण्याकडे बघवत नाही.”

“आन वाऱ्याकडे?”

अनुपमाने रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “वाऱ्याकडे मी तेव्हाही नव्हते बघत. हेच तर झालं. मला वर उचललं जायचं होतं, बस. तू म्हणाली होतीस पाणी काचेसारखं दिसतंय म्हणून. मला वाटलं, वारा कमी तर पतंग मोठा, संपलं. पण मोठा पतंग वारा आणत नाही गं. आणि तो पडला की उठत नाही.”

“मंग आता माहीत झालं नं? माहीत झाल्यावर काहून घरात बसून राहिल्या?” गीतांजली खुर्ची ओढून माळ्याखाली घेत म्हणाली. “मी तं तुमची वाट पाहून राहिली. एकटी जात नाई मी पान्यावर. तुमीच सांगतलं होतं, एकटं जायचं नाई म्हणून.”

तिने मला खाली ओढलं. धूळ उडाली, दोघी शिंकल्या. फरशीवर मला पसरायला जागा पुरेना. माझं एक टोक स्वयंपाकघरात गेलं. गीतांजलीने ओल्या फडक्याने चिखल पुसला. चिकटलेलं कापड पावडर टाकून हळूहळू सोडवलं. अनुपमा आधी नुसती पाहत होती. मग तिने बाजारातून छत्रीचं कापड आणि सुया आणल्या आणि फरशीवर मांडी घालून बसली. दोन ठिगळं काळी आहेत, ती तिने लावली. तिसरं निळं, ते गीतांजलीचं. काळ्या ठिगळांची शिवण वाकडी आहे. 

त्यानंतर अनुपमाने घाई केली नाही. तिने स्वतःसाठी बारा नंबरचा हलक्या कापडाचा पतंग घेतला आणि फळीखाली जास्त रुंद पंख बसवले, म्हणजे कमी वेगातही ती वर उचलली जाईल. मी गीतांजलीचा झालो. काठावर आलं की दोघी आता आधी पिशव्या उघडत नाहीत. पाण्यावरच्या सुरकुत्या बघतात. वारा मोजायचं छोटं यंत्र हातात धरून बराच वेळ उभ्या राहतात. तोच वारा गीतांजलीला माझ्याबरोबर पुरतो, तेव्हा अनुपमाला बारा लागतो. वारा वाढला की बारा पिशवीत जातो आणि मी अनुपमाच्या हाती येतो. पूर्वी मी विचारायचो, मी मोठा की लहान? आता मला कळतं की या प्रश्नाला उत्तरच नाही. वारा किती, फळीवर कोण उभं आहे, खालचे पंख केवढे, हात किती शिकलेले, हे समजल्याशिवाय कोणालाच माझं माप सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळही माझ्यासारखं काही असेल. खेळाचं, कामाचं, वाऱ्यावर किंवा पाण्यावर चालणारं. त्याला ओलं गुंडाळू नका. उन्हाळ्यात स्लॅबखाली टाकू नका. फाटलं तर शिवा. वाकडं शिवलं तरी चालतं. आणि ते मोठं आहे म्हणून त्याच्या भरवशावर निघू नका. आधी बाहेर बघा.

गेल्या रविवारी मोरोपंत पहिल्यांदा धरणावर आले. खुशालरावांनी त्यांना कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची दिली. सकाळी वारा बरा होता, म्हणून आम्ही दोघेही, बारा आणि मी, हवा भरून तयार होतो. अनुपमाने पट्टा बांधला होता. पोरं जमली होती. मोरोपंतांनी तोंड वर करून गालावर हवा घेतली आणि विचारलं, “मग आज कोणता?”

गीतांजली पाण्याकडे पाहत राहिली. सुरकुत्या येत होत्या आणि पुसल्या जात होत्या.

“आज कोनताच नाई, काका.”

माझ्या अंगात नुसती सळसळ झाली. इतका वेळ तयार ठेवून! पोरं हिरमुसली. अनुपमा गुडघ्यावर बसली आणि तिने माझ्या नळीचं झाकण उघडलं. माझी हवा सुस्कारा टाकत बाहेर पडली. ती मला एका टोकाकडून गुंडाळत आली. अर्ध्यावर आली तेव्हा एक चांगली झुळूक आली. माझी उरलेली कड तिच्या हातातून उठली आणि फडफडली. अनुपमाने मान वर केली. पाण्याकडे पाहिलं, लिंबाच्या पानांकडे पाहिलं. पानं थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग माझी कड हाताने सपाट केली आणि घडी पुरी केली.